मानीबाईची शिंगाची फणी

मित्रांनो, मी एक जुनी फणी आहे, शिंगाची. बाभुळगावजवळच्या एका तांड्यात, मानीबाईच्या कोनाड्यात माझा मुक्काम.

त्याआधी मी धनसिंगच्या पांढऱ्या बैलाच्या डोक्यावर होते. पोळ्याला धनसिंग मला साळून गुळगुळीत करायचा, तेल चोळायचा. काय माझा थाट! छप्पन साली त्या बैलाची झुंज झाली. आतलं हाड त्याच्याकडे राहिलं आणि वरचं कवच, म्हणजे मी, मातीत पडले. बैल जगला. धनसिंगने मला कळंबच्या बाजारात नेऊन माझी फणी करून घेतली आणि बायकोला, मानीबाईला, दिली.

शाळेत ज्याला केराटिन म्हणतात, त्या प्रथिनाची मी घडलेली. शिंग, खूर, नख, पीस आणि माणसाचे केससुद्धा त्याचेच. म्हणजे मानीबाईच्या केसांशी माझं सख्खं नातं! केस कापला तरी दुखत नाही, कारण त्यात जीव नसतो. दुखतं ते दुसरीकडेच.

दारात बसून मानीबाई आणि तिची एकुलती लेक लाली एकमेकींची वेणी घालत. गळलेले केस गुंडाळून भिंतीच्या फटीत खुपसत. पुढे धनसिंग वारला. लालीचं लग्न होऊन ती दूर उमरखेडला गेली. मानीबाईचा हात मानेमागे पोचेना. शेजारची भुरीबाई म्हणाली, "बस, इंचरून देतो."

"नको. लाली येईन होळीले."

होळी आली, लाली नाही आली. दुसऱ्या होळीलाही तेच. मागचा गुंता घट्ट होत गेला. आता कातरच लागेल, असं भुरीबाई म्हणू लागली. मानीबाई मात्र ऐकेना. लेकीने बांधलेली शेवटची वेणी तिला मोडायची नव्हती.

तिसऱ्या होळीआधी तिने मला स्वच्छ करायला उकळत्या सोड्याच्या पाण्यात टाकलं आणि विसरली. मी स्वतःला 'मोडेन पण वाकणार नाही' अशातली समजत होते. पार वाकडीतिकडी झाले! मानीबाई मला छातीशी धरून रडली. मग तिने मला चुलीमागे ढकललं. तिथे फार एकटं वाटलं.

त्या होळीला लाली खरंच आली, एस.टी.ने, लाल प्लास्टिकचा कंगवा घेऊन. आईचं डोकं पाहून ती दचकली. कंगवा लावला, तर गुंत्यात त्याचे दात तटातट मोडले.

"याडी, आपली फणी कोठी हाय?" याडी म्हणजे आई.

लालीने शोधलं, तेव्हा भिंतीच्या फटीत तिचेच जुने केस सापडले, अजून जपलेले. मग मी सापडले.

"तू भुरीमावशीले काहून नाही सांगतलं इंचराले?"

"तिचा हात तुयासारखा नाही ना, बाई."

लालीने मला गरम पाण्यात मऊ केलं, पाट्याखाली दाबलं, तेल लावलं. मग दिवसभर बसून एकेक बट सोडवली. केस कापावे लागले नाहीत. मग मानीबाईनेही लेकीची वेणी घातली.

तिसऱ्या दिवशी ती गेली. माझ्या दातांत दोघींचे केस अडकलेत, एक काळा, एक पांढरा. मानीबाई ते काढत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखीला अधूनमधून तेल लावा, उकळत्या पाण्यापासून जपा. एवढं पुष्कळ झालं. पण घरी आई असेल, तर फणी घेऊन तिच्या मागे जाऊन बसा. तिथे तिचा हात पोचत नाही.