इंग्रजीतला खरा पत्ता

एल्मेरला इंग्रजी मी मारूनमुटकून शिकवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी कीव करायला कोणी यायला नको.

आमच्या थोरल्या भावाला अमेरिकेत चोरून शिरायच्या उत्तरेकडच्या वाटेने गिळलं. वाळवंटात कुठे पडला, कोणी पुरला, काही कळलं नाही. तेव्हाच आईने धाकट्या एल्मेरच्या डोक्यावर हात ठेवून मला बजावलं होतं, "दिनोरा, हा जाता कामा नये." सान साल्वादोरात राहून पोट भरायचं तर एकच बरी नोकरी होती, कॉल सेंटरची. अमेरिकेतल्या लोकांची कार्डं हरवतात, ते फोनवर ओरडतात आणि आमची पोरं इथून त्यांच्याशी गोड बोलतात. त्या नोकरीसाठी शुक्रवारी त्याची इंग्रजीची तोंडी परीक्षा होती.

पुपुसांचं, म्हणजे आमच्या सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्यांचं, पीठ मळता मळता मी पुस्तकातून प्रश्न विचारायची. तो अर्धवट बोलला की पळीचा दांडा बोटांवर बसायचा.

"पूर्ण वाक्य!"

"अगं ताई, हात मोडशील."

"मोडू दे. फोनवर तोंड लागतं, हात नाही."

त्याची इंग्रजीची शिकवणी शेजारच्या एल तांके वस्तीत, चर्चच्या हॉलमध्ये व्हायची. आम्ही लास ब्रिसासचे. मध्ये एक नाला, आणि दोन्हीकडे एकेक टोळी. टोळीशी तुमचा संबंध असो नसो, पत्ता पलीकडचा निघाला की तुम्ही शत्रू. म्हणून 'कुठे राहतोस' असं विचारलं की आमच्याकडे शेंबडं पोरही खोटं सांगतं. एल्मेर सांगायचा, बाजारामागे राहतो.

त्या मंगळवारी मी त्याला न्यायला लवकर गेले आणि दाराशी उभी राहिले. रुबिदियो सर, अमेरिकेने हाकलून दिलेला भला माणूस, एकेकाला उठवून रोजचे प्रश्न विचारत होते. नाव काय, करतोस काय, राहतोस कुठे. बाकीचे पुस्तकातली शहरं सांगून मोकळे होत होते. एल्मेर उठला आणि इंग्रजीत, एका दमात, सुरेख उच्चारात म्हणाला, "मी लास ब्रिसासमध्ये राहतो, चौथी गल्ली, घर नंबर एकोणीस."

स्पॅनिश बोलताना त्याच्या जिभेवर पहारा असायचा. इंग्रजीत तो मी बसवलाच नव्हता. पूर्ण बोल, नीट बोल, एवढंच मी ठोकून ठोकून भरवलं होतं. भीती त्याच्या इंग्रजीत अजून शिरलीच नव्हती.

मागच्या बाकावरचा तावो, रोज एल्मेरच्या वहीतून उतरवून घेणारा, हळूच उठून बाहेर गेला.

"मागच्या दाराने पळा," सर म्हणाले.

मागच्या दाराशीच तावो आणि तिथल्या टोळीतले तिघे उभे होते.

"या, साहेब!" तावो म्हणाला. "घर नंबर एकोणीस ना?"

"तावो, अरे मी कोणाचाच..."

दांडकं सरळ तोंडावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. एल्मेर खाली पडला, तरी लाथा चालूच. त्याने दोन दात थुंकले. एकाने त्याच्या गळ्यावर पाय दिला.

"बोल ना आता, गोऱ्यांच्या जावया! बोल की!"

"सोडा रे, मुडद्यांनो!" मी धावले. कोणीतरी माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. डोळ्यांत रक्त आलं. खाली चाचपडले तर हाताला वीट लागली. ती मी तावोच्या कानशिलावर घातली. पहिला घाव भावाला सोडवायला होता. पुढचे दोन रागाचे होते, खोटं कशाला बोलू?

तावो कोसळला तो हलेना. बाकीचे क्षणभर थिजले. मग त्याला उचलता उचलता एकजण ओरडला, "घर माहीत झालंय, भवाने! म्हातारीसकट जाळतो बघ!"

तावो जगला की मेला, मला माहीत नाही. विचारायला गेले नाही आणि जाणारही नाही.

तासाभरात घर सोडलं. दवाखान्यात ते शोधत येतील म्हणून ओळखीच्या नर्सने तिच्या स्वयंपाकघरातच एल्मेरचा जबडा फडक्याने बांधला. आता देशात त्याला लपायला जागा नव्हती. त्याचं गाठोडं आईनेच बांधलं. ती रडली नाही. गाठ मात्र तिला तीनदा सोडून बांधावी लागली.

सीमेकडे जाणाऱ्या बसमध्ये मीच त्याला बसवलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं. फडक्यातून रक्ताची लाळ ओघळली. मी म्हटलं, "गप. बोलू नकोस." जन्मात पहिल्यांदाच मी त्याला असं सांगितलं.

आम्ही दोघी आता उसुलुतानला मामाकडे असतो. आई रोज फोन मांडीवर घेऊन बसते.

"दिनोरा, कधी करेल गं तो फोन?"

"जबडा जुळला की करेल, आई."

याला येत्या मार्चमध्ये चार वर्षं होतील.