खिंडसीची राहिलेली फेरी

"अवो, माह्या कुरडया!"

देवकीबाई सूप टाकून धावल्या, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. अंगणातल्या ड्रममधलं पाणी उसळलं आणि खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांना आंघोळ घालून मोकळं झालं. ड्रमच्या काठावर आवळून बसवलेलं नऊ घोड्यांचं इंजिन पाण्यात पंखा बुडवून घुमत होतं. त्याच्याजवळ रुपराव गजभिये दांडा हातात धरून उभे होते. डोळे मिटलेले, मान किंचित तिरपी, चेहऱ्यावर असं समाधान की जणू आत कुणी फक्त त्यांच्यासाठीच गात होतं.

"आवाज ऐक, आवाज!" ते ओरडले. "एक ठोका चुकून नाई राह्यला."

"माह्या कुरडया चुकल्या ना पन!"

नागपुरातल्या इंदोऱ्याच्या त्या गल्लीला हा रविवारचा सोहळा पाठ झाला होता. इंजिन सुरू झालं की शेजारणी दोरीवरचे कपडे काढून घेत.

रुपरावांनी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं मोटारबोट चालवली. खिंडसी, नवेगाव, इटियाडोह, ज्या तलावावर साहेबांना पाणी मोजायचं असेल तिथं रुपराव बोट घेऊन हजर. पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये ते निवृत्त झाले. खात्यानं त्यांना हार, नारळ आणि एक छत्री दिली. त्याच महिन्यात भंगाराचा लिलाव झाला, त्यात त्यांनी आपलं जुनं इंजिन उचललं. माणूस आणि इंजिन बरोबरच सेवेतून बाद झाले, आणि दोघांनाही ते मान्य नव्हतं. महिनाभर खपून रुपरावांनी त्याचा पुर्जा न् पुर्जा खोलला, घासला, पुन्हा बसवला. आता इंजिन होतं, बोट नव्हती. आणि समुद्र तर नागपूरपासून कुठल्याही दिशेला निघालं तरी लांबच.

पण लेक प्रेमिला रत्नागिरीला दिलेली होती. जावई सुगत तिथं बंदर खात्यात कारकून. सासऱ्याचं वेड त्याला ठाऊक होतं, शिवाय त्याला ते आवडायचंही. "समुद्रकिनाऱ्यानं हिंडायला छोटी केबिनची बोट हवी," असं सासऱ्यानं लिहिलं आणि त्यानं खरोखरच तीन जुन्या बोटी शोधल्या. लांबी, रुंदी, नकाशा, सगळं कागदावर काढून पाठवलं. तिसरीबद्दल त्यानंच लिहिलं होतं की ती पाणी पिते, म्हणून ती बाद. राहिल्या दोन.

एक अठरा फुटी. मधोमध ऐसपैस केबिन, समोरासमोर दोन बाकं, चार खिडक्या, खिडक्यांना पडदे. दुसरी चौदा फुटी. पुढं जेमतेम वाकून शिरता येईल एवढी केबिन, दोनच खिडक्या, आणि मागं इंजिनापाशी एक आडवी फळी.

"याच्यात विचार काय कराचा?" रुपराव म्हणाले. "अठरा फुटी!"

त्यांचा हा हट्ट उगाच नव्हता. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा झाली, सत्तावन्नच्या वैशाखात पांढऱ्या लुगड्यातली देवकी गजभियांच्या घरात आली. त्या हिवाळ्यात रुपराव खिंडसीवर होते. नवी नवरी रामटेकपर्यंत मोटारीनं आणि पुढं पायी, असा डबा घेऊन तलावावर पोचली. डबा देऊन झाल्यावर लाजत म्हणाली, "मले एक चक्कर मारून आना ना." रुपरावांनी मान हलवली. सरकारी बोट, घरच्या माणसाला बसवायची नाही, नियम म्हणजे नियम. देवकी काठावर दगडावर बसून राहिली. घटकाभरानं साहेबांच्या बाईसाहेब आल्या, त्यांची बहीण आली आणि त्यांचा केसाळ कुत्रा आला. रुपरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं बाकं पुसली, सगळे बसेपर्यंत हात बांधून उभे राहिले, आणि बोट घेऊन गेले.

देवकीबाई त्यावर कधी भांडल्या नाहीत. फक्त तीस वर्षांत अधूनमधून, भाजी निवडताना नाहीतर घडी घालताना, एवढंच म्हणायच्या, "कुत्र्याले जागा होती."

रुपरावांच्या काळजात ते दर वेळी रुतायचं. आता त्यांना बायकोला केबिनमध्ये बसवायचं होतं. पडदे असलेल्या, बाईसाहेबांसारखं. त्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हती.

शेजारचा नत्थू या बेतात आपणहून सामील झाला. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या बांधणं हा त्याचा धंदा. अर्ध्या इंदोऱ्याच्या खिडक्या त्यानं थंड केलेल्या.

"भाऊ, खिडक्या चार म्हनता? मंग ताट्या लागतीन," तो म्हणाला.

"समुद्रात ताट्या?"

"काहून नाई? इथं एक बादली पान्यासाठी नळावर मारामारी होते. थ्या समुद्रात तं पानीच पानी! बसल्या जागी डब्बा बुडवाचा अन् ताटीवर माराचा. हवा तं चालूच हाय. बोट म्हंजे कूलर होऊन जाईन भाऊ, कूलर!"

रुपराव भारावले. तीस वर्षं पाण्यावर काढून आपल्याला हे कसं सुचलं नाही, याचं त्यांना वैषम्य वाटलं. उन्हाच्या तडाख्यात वाढलेल्या त्या दोन शहाण्यांना जगात कुठं हवाच ओली असते हे कोण सांगणार?

पण देवकीबाईंनी एक अट घातली. "मी पाह्यल्याशिवाय हो म्हननार नाई."

"बोट रत्नागिरीले हाय वं. इथं कशी पाहशीन?"

"इथं काढा ना मंग."

म्हणून त्या संध्याकाळी अंगण सारवून झाल्यावर रुपरावांनी दोरी धरली आणि देवकीबाईंनी रांगोळीनं अठरा फुटांची बोट काढली. पुढचं टोक ओसरीच्या खांबापर्यंत गेलं, मागचं न्हाणीपाशी. बाकांच्या जागी दोन खाटा आल्या. दोऱ्या बांधून चादरी सोडल्या, झाली केबिन. नत्थूनं चारही खिडक्यांच्या जागी जुन्या ताट्या टेकवून ठेवल्या. बोटीच्या मागच्या टोकाला इंजिनाचा ड्रम सरकवला, कारण असलं इंजिन बोटीच्या बाहेर, मागंच लटकतं आणि चालवणाऱ्याला दांडा धरून तिथंच बसावं लागतं. गल्ली कुंपणाशी जमली.

रुपरावांनी दुपट्ट्यानं खाट पुसली. "बसा, बाईसाहेब!"

देवकीबाई पदर सावरून आत गेल्या आणि तोंड पुढं करून बसल्या. समोरच्या खाटेवर नत्थू पाहुणा म्हणून. रुपराव मागं गेले, स्टुलावर बसले, दोरीला हिसडा दिला. इंजिन गरजलं. नत्थूनं उत्साहानं ताटीवर लोटाभर पाणी मारलं, त्यातलं निम्मं त्याच्याच मांडीवर आलं. गल्ली खिदळली.

देवकीबाई काहीतरी बोलल्या.

रुपरावांना ऐकू गेलं नाही. त्यांना चादर दिसत होती आणि चादरीच्या फटीतून बायकोचा अंबाडा. तो अंबाडा हलला, आतून पुन्हा आवाज आला. यावेळी रुपराव चटकन अर्धे उठले, मान लवली आणि तीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून शब्द निघाला, "जी साहेब!"

गल्ली पोट धरून हसली. नत्थू खाटेवरून पडायचा राहिला. देवकीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या केबिनमधून बाहेर आल्या, ड्रमपाशी आल्या आणि म्हणाल्या, "बंद करा ते."

इंजिन थांबलं.

"ही बोट नाई घ्याची."

"काहून वं? आवडली नाई? खिडक्या पाह्य किती—"

"खिडक्या गेल्या चुलीत. मी म्हनली, पानी पाहा किती छान हाय. तुम्ही म्हनता, जी साहेब. तीस वर्सं साहेबाच्या टोपीचं मांगचं पाहून काढले. आता काय माह्या अंबाड्याकडं पाहत बसान? मी का केबिनमदी बसाले डब्बा घेऊन आली होती खिंडसीले? मले तुमच्यासंग बसाचं होतं."

कुंपणाशी कुणी हसलं नाही. रुपराव रांगोळीकडे बघत राहिले. तीस वर्षं आपण चुकीचीच गोष्ट मनात धरून झुरलो, हे त्यांना एकदम कळलं. त्यांना वाईटही वाटलं आणि काय गंमत आहे पाहा, आनंदानं हसूही फुटायला लागलं.

"नत्थू," ते म्हणाले, "झाडू आन गा. चौदा फुटी काढू."

चौदा फुटी निघाली. पुढची केबिन टोपलीएवढी झाली, पण मागच्या फळीच्या जागी पाट मांडला तर त्यावर दोघं मावले. कोपराला कोपर लागत होतं. देवकीबाई बसून म्हणाल्या, "हे बरोबर हाय." त्याच रात्री जावयाला पत्र गेलं.

नत्थूनं दोन ताट्या नव्या कोऱ्या, माप घेऊन बांधल्या आणि त्या नेल्याशिवाय त्यानं दोघांना सोडलं नाही. आधी आगगाडी, मग एसटीच्या टपावरून वाळा रत्नागिरीला पोचला. इंजिन पोत्यात गुंडाळून, पायाशी.

डिसेंबरच्या सकाळी, भरतीच्या वेळी, खाडीच्या धक्क्याला ती बोट डुलत होती. पांढरा रंग, निळी पट्टी. जुन्या मालकाचा खलाशी ताट्या बघून चक्रावला.

"काका, हे गवत कशाला आणलंत?"

रुपरावांनी सगळी युक्ती समजावून सांगितली. खलाशानं शांतपणे ऐकलं. "काका, आमच्या हवेतच पाणी आहे. तिच्यात आणखी किती घालाल?"

सुगतनं तोंड फिरवून हसू दाबलं, प्रेमिलानं दाबलंही नाही. तरी ताट्या केबिनच्या दोन्ही खिडक्यांत बसल्या, अगदी मापात. देवकीबाईंनी त्यांवर गोड्या पाण्याचा शिपका मारला. गारवा काही आला नाही, पण खारट वाऱ्यात मेमधल्या इंदोऱ्याचा वास भरून राहिला आणि दोघांनी तो छातीभर घेतला.

मग देवकीबाईंनी खाडीच्या तोंडाकडे, समुद्राकडे पाहिलं. "याले तं दुसरा काठच नाई," त्या हळूच म्हणाल्या.

रुपरावांनी इंजिन मागं आवळून बसवलं. तेवढ्यात धक्क्यावरून सुगतच्या कुत्र्यानं उडी मारली आणि थेट केबिनमध्ये जाऊन ताटीच्या वासात अंग पसरलं.

"हट्! चल भायेर!" रुपराव धावले.

"राहू द्या," देवकीबाई म्हणाल्या. "साहेब हाय तो. बसू द्या त्याले केबिनमदी."

त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

फळीवर दवाचं पाणी साचलं होतं. रुपरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, फळीचा एक भाग कोरडा केला आणि सवयीनं बाजूला सरून, हात बांधून उभे राहिले.

देवकीबाई बसल्या नाहीत. त्यांनी पदराचं टोक हाताला गुंडाळलं, वाकल्या आणि फळीचा उरलेला भाग सावकाश, कोपऱ्यापर्यंत पुसून काढला.

"बसा," त्या म्हणाल्या.

रुपराव बसले. इंजिनाची दोरी हातात होती, पण ती ओढायला त्यांना थोडा वेळ लागला.