प्रयोगशाळा ओलांदिनाच्या हवाली

"मागचा गोरा साहेब तरी निरोपाला रडला होता गं," ताडाच्या पानात गुंडाळलेले मासे निखाऱ्यांवर उलटत प्रयोगशाळेतली झुल्मिरा म्हणाली. "हा काही रडायचा नाही. फार तर घाम येईल डोळ्यांना."

"हळू बोल. खिडकी उघडी आहे."

"असू दे की! चार वर्षांत आपल्या भाषेतलं 'नमस्कार' आणि 'तिखट नको' एवढंच शिकलाय तो. आणि तू त्याच्याकडून काय शिकलीस ते तर..." एवढं बोलून झुल्मिराने जीभ आवरली आणि धूर डोळ्यांत गेल्यासारखं केलं.

ओलांदिनानेही ऐकलंच नाही असं केलं. दिली शहरातल्या त्या पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत न ऐकलेली वाक्यं भरपूर होती. एखाद्या घरात वेडसर मामाचा विषय जसा कुणी काढत नाही, तसं ते होतं. सगळ्यांना माहीत, आणि सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे.

प्रयोगशाळा कर्जातून उभी राहिली होती. कर्ज देणारी बँक मोठी, परदेशातली. तिने नुसता पैसा दिला नव्हता, विद्याही दिली होती. इमारत दिली, यंत्र दिलं आणि यंत्राचा मास्तरही दिला. मिस्टर कॉलिन, न्यूझीलंडचे, साठीकडे झुकलेले, उन्हाने कायम लाल. करार असा की त्यांच्या शेजारी ओलांदिनाने बसायचं. त्यांच्या डोक्यातलं तिच्या डोक्यात उतरलं की त्यांनी आपल्या घरी जायचं. कागदावर ते एका कळशीतून दुसऱ्या कळशीत पाणी ओतण्याइतकं सोपं होतं.

पहिल्या महिन्यात तिने विचारलंही होतं, हे यंत्र सकाळी लावायचं, म्हणजे माहितीतल्या पाण्यावर जुळवून खऱ्या आकड्यावर आणायचं, ते कसं? मिस्टर कॉलिननी फळ्यावर चित्रं काढून सांगितलं. आपुलकीने सांगितलं, पण भरभर, आणि इंग्रजीत. तिला निम्मं कळलं. पण आपला देश सोडून, इथल्या डासांत येऊन शिकवणाऱ्या वडीलधाऱ्या पाहुण्याला 'नाही कळलं' असं कुणी म्हणतं का? तिच्या आईने तिला तसं वाढवलं नव्हतं. तिने मान हलवली.

त्या मानेनेच घात केला. एकदा कळलं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तेच कसं विचारायचं? आणि वर्षभराने तर विचारायची सोयच उरली नाही. त्यातून मिस्टर कॉलिनना उकाड्याने झोप लागत नसे. ते पहाटेच येऊन यंत्र लावून ठेवायचे. कधी तिने हात पुढे केलाच, तर बँकेला अहवाल पाठवायची घाई असायची. "दे इकडे, मी चटकन करतो," म्हणत ते हसायचे, ती बाजूला व्हायची आणि कॉफी आणायला जायची. बाटल्या निर्जंतुक करणं, लेबलं लावणं, नोंदी लिहिणं यांत तिचा हात कुणी धरला नसता. यंत्राचं बटणही ती दाबायची. आकडा यायचा. तो खरा की खोटा, हे मात्र तिला कधीच कळलं नाही.

मधे तिला शिक्षणासाठी बँकॉकला पाठवलं. तिथे एका यंत्राभोवती गर्दी इतकी, की बुटकी ओलांदिना तीन आठवडे लोकांच्या पाठी बघून परत आली. फोटो मात्र छान आला, यंत्रावर हात ठेवून, लग्नात नवरीशेजारी उभं राहावं तसा. आईने तो पुढच्या खोलीत मारिया मातेच्या शेजारी टांगला. गल्लीतल्या बाया पोरींना घेऊन यायच्या. "बघ, पाण्याची डॉक्टर आहे ही. नीट शिकलीस तर तूही होशील." अशा वेळी ओलांदिना स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत बसे.

आज ती प्रयोगशाळेची प्रमुख होणार होती. अंगावर आईने शिवून घेतलेला नवा ब्लाउज होता. तो काखेत काचत होता.

समारंभ अंगणात झाला. संचालक सेन्योर अगापितो यांनी भाषण केलं, ते संपलंसं वाटल्यावर आणखी थोडं केलं. मिस्टर कॉलिनच्या गळ्यात ताइस घातला. पाहुण्याला निरोप देताना घालायचं ते हातमागावरचं उपरणं त्यांना आखूड पडलं, आणि सगळे मायेने हसले. मग यंत्राच्या खोलीची किल्ली ओलांदिनाच्या हातात दिली. टाळ्या झाल्या. आई पहिल्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, रुमालच शोधत राहिली.

बँकेच्या बाई कालच विमानातून उतरल्या होत्या. त्यांनी गोड आवाजात विचारलं, "मग, आता तुम्हाला कुणाच्या मदतीची गरज नाही ना?"

"छे, छे!" ओलांदिनाच्या आधी सेन्योर अगापितोच बोलले. "झोपेतसुद्धा यंत्र चालवेल ती!"

ओलांदिना तोंडावर हात धरून हसली. हाताआड चेहरा जळत होता.

जेवणं सुरू होणार, तेवढ्यात फाटकातून एक म्हातारा आत आला. रबरी चपला, धुळीने पांढऱ्या झालेल्या भुवया, खांद्याला झोळी. पहाटे डोंगरातून मालट्रकने निघाला होता. नाव कुस्तोदियो. गावाच्या पाणी समितीचं काम बघायचा. समारंभ बघून बिचकला.

"मी नंतर येतो. तुमच्यात काहीतरी कार्य दिसतंय."

"या हो तिउ, बसा," ओलांदिनाने खुर्ची ओढली. तिउ म्हणजे काका. अनोळखी म्हाताऱ्याला दुसरं काय म्हणणार? "मासे खा आधी."

"मासे राहू देत, माना. पाण्याची बाई तूच ना?" म्हाताऱ्याने तिला ताईच करून टाकलं आणि झोळीतून पाण्याची बाटली काढली. "नवी बोअर मारलीय गावात. पण पाण्याला वास येतो, आणि पोरांच्या पोटात कळा येतात. माझी नात आठवडाभर गुडघे पोटाशी घेऊन पडलीय. बायका परत नदीवर जायला लागल्या, दोन टेकड्या उतरून. मला विचारतात, प्यायचं की नाही ते सांगा. मी काय सांगू? मला काय कळतं त्यातलं? तू सांगशील तसं सांगतो."

सेन्योर अगापितोंचा चेहरा उजळला. "बघा, अगदी मुहूर्तावर आलात! आमच्या नव्या प्रमुख आत्ता तुमच्यादेखत तपासतील." त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं, तशी बँकेच्या बाईंनी फोन हातात घेतला. त्यांना फोटो हवा होता.

सगळे आत गेले. मिस्टर कॉलिननी निघायच्या तयारीत सकाळीच यंत्र पुसून बंद करून ठेवलं होतं. ओलांदिना त्याच्यासमोर उभी राहिली. ते कसं सुरू करायचं ते तिला माहीत होतं, बटण कुठलं तेही. आकडा येणारच होता, तो नेहमीच यायचा. तो खोटा असला तरी मिस्टर कॉलिन सोडले तर इथे कुणी ओळखणार नव्हतं. म्हातारा तो आकडा जपून गावी नेईल, आणि संध्याकाळी घरोघरी सांगेल की माना म्हणाली, प्या.

बाटली तिच्या तळहातात ओली झाली. झुल्मिरा दारात माशांचं ताट घेऊन उभी होती, ती जमिनीकडे बघू लागली. सेन्योर अगापितो छताकडे बघत होते. आई मात्र सरळ लेकीकडेच बघत होती, फोटोकडे बघावं तशी.

मिस्टर कॉलिनचे कान लाल झाले. त्यांनी गळ्यातला ताइस काढून स्टुलावर ठेवला आणि हात पुढे केला. "मी लावून देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

सगळ्यांचा अडकलेला श्वास सुटला. "व्वा! गुरूच्या हातचं शेवटचं काम!" सेन्योर अगापितो म्हणाले. बाईंनी हसून फोन वर धरला.

ओलांदिनाचे पाय आपोआप बाजूला सरकले होते. ते पाय बघूनच तिला स्वतःची किळस आली. आज हे लावून देतील. सोमवारी हे विमानात असतील, आणि फाटकातून दुसऱ्या गावचा कुणी म्हातारा येईल, त्याच्याही घरी कुणी नात असेल.

ती परत यंत्रासमोर येऊन उभी राहिली. बाटली तिने दिली नाही.

"लाजतेय ती," सेन्योर अगापितो बाईंना समजावू लागले. "आमच्या मुली जरा..."

"मी लाजत नाहीये, सेन्योर." आईकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी बघितलंच. मग ती म्हाताऱ्याकडे वळली, कारण पाणी त्याचं होतं.

"तिउ, आजचा आकडा मिस्टर कॉलिनकडून घेऊन जा. तो खरा असेल. पण ते गेल्यावर माझ्या सहीने आलेल्या आकड्यावर पोरांना पाणी पाजू नका. यांनी शिकवायच्या ऐवजी करून दिलं, मी न कळता मान हलवली, आणि इथल्या सगळ्यांनी ते चार वर्षं बघितलं. मला हे यंत्र लावता येत नाही. कधीच येत नव्हतं."