खालून बांधलेला बाण

सव्वानऊ वाजले, नऊ वीस झाले, तरी सायकलवाले आले नाहीत.

ब्रुनेंगोच्या किल्ल्याच्या अंगणात डेलिया सलामी सॉसेजचे काप करत उभी होती. सलामी कापणं हे तिचं काम नव्हतं. तिचं काम बाणांचं. दरवर्षी द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत गावचा सायकल क्लब ऐंशी किलोमीटरची फेरी काढतो, आणि गेली सोळा वर्षं त्या फेरीचे बाण डेलियाच लावते. आदल्या दिवशी फाट्याफाट्यावर पिवळ्या पुठ्ठ्याचे बाण तारेनं बांधायचे आणि फेरीच्या सकाळी सायकलींच्या अर्धा तास पुढे गाडीनं जाऊन सगळे तपासायचे. पण आज खाण्याच्या टेबलावरच्या एका बाईला ताप भरला, आणि क्लबचा अध्यक्ष म्हणाला, "डेलिया, तू टेबल सांभाळ. एक वर्ष बाण नाही तपासलेस तर काय आकाश कोसळणार आहे? तुझा बाण कधी चुकलाय?" हा अध्यक्ष म्हणजे डेलियाचा नवरा सिल्व्हानो. चारचौघांत नवरा कौतुक करत असला की त्याला तोडायचं नाही, एवढं शहाणपण तिनं संसारात मिळवलं होतं. नको तिथे वापरलं.

"आले का गं?" लिंबाचा चहा गाळता गाळता पिएराम्हातारीनं विचारलं.

"डोंगराच्या धारेवरच्या रस्त्यावर दिसले होते. हेझलनटच्या बागेमागे गेले ते गेलेच. चार मिनिटांत इकडे निघायला हवे होते."

"सिल्व्हानो थांबला असेल कुठेतरी. वय झालं की थांबावं लागतं बाई."

"तो त्यासाठीसुद्धा घड्याळ लावून थांबतो," डेलिया म्हणाली. पण सुरी खाली ठेवून ती तटाच्या भिंतीपाशी गेली.

खाली दाल्मात्सोचा उतार दिसत होता. द्राक्षांच्या दोन बागांमधून, दोन्ही बाजूंना दगडी बांध असलेली, एक ट्रॉली जेमतेम मावेल एवढी वाट. मध्यावर एक आंधळं वळण. त्या वळणाच्या वर डेलियाला एक लाल सदरा चमकलेला दिसला. मग एक हिरवा. मग पाच-सहा एकदम. साठ माणसं जिथे जायचीच नव्हती तिथून सुसाट खाली चालली होती, आणि सगळ्यांत पुढे जाण्याची हौस तिच्या नवऱ्याला होती.

आणि खालून, बागेच्या तळातून, क्रेटनं भरलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर त्याच वाटेनं वर चढत होता.

तीन दिवसांपूर्वी डेलियानंच दाल्मात्सोला शब्द दिला होता, "काका, रविवारी तुमच्या उतारावर एकही सायकल येणार नाही. बिनधास्त तोडा." त्या शब्दावर म्हाताऱ्यानं आज तोडणी ठेवली होती.

"दाल्मात्सोनं बाण फिरवला!" शेजारी येऊन उभी राहिलेली पिएरा ओरडली. "मेला सुधारला नाही!"

डेलियाच्याही मनात तेच आलं होतं. गावात कोणाच्याही मनात तेच आलं असतं. अकरा वर्षांपूर्वी, द्राक्षं तोडून खातात म्हणून दाल्मात्सोचं क्लबशी भांडण झालं, आणि आठवड्याभरात त्याच्या बागेखालचा एक बाण उलटा निघाला. चाळीस सायकली कोणाच्या तरी गोठ्यात घुसल्या, एकाचं खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून फेरीच्या जेवणात दाल्मात्सोची वाइन कोणी ठेवत नाही.

तिनं सिल्व्हानोला फोन लावला. त्या घळीत रेंज नाही हे माहीत असूनही दुसऱ्यांदा लावला.

"घंटा वाजवू का?" पिएरा म्हणाली. "चर्चची किल्ली माझ्याकडे आहे."

"अजिबात नको!" डेलिया किंचाळलीच. "घंटा ऐकली की लोकांना वाटेल गारा आल्या. सगळे ट्रॅक्टर माल झाकायला वर पळत सुटतील. त्याच वाटेनं!"

पिएरानं कपाळावर हात मारला. तोवर डेलिया गाडीत बसलीही होती.

उताराच्या फाट्यापर्यंतचे दोन किलोमीटर तिनं कसे कापले ते तिचं तिलाच ठाऊक. डोळ्यांसमोर एकच चित्र, आंधळं वळण आणि त्यापलीकडून येणारं ट्रॉलीचं धूड. उतारावर सायकलचा ब्रेक लागून लागून किती लागणार! सिल्व्हानो, हळू ये रे, एकदा तरी हळू ये, असं ती मोठ्यानं म्हणत होती. दाल्मात्सोला शिव्याही देत होती. शिव्या दिल्या की भीती जरा कमी होते.

फाट्यावर मेरीमातेची छोटी देवळी आहे. तिच्या शेजारच्या खांबावर बाण होता आणि तो उजवीकडे, उतारावर वळा असं स्पष्ट सांगत होता. डेलियानं करकचून ब्रेक लावला. निदान मागे राहिलेल्यांसाठी तरी हा काढायला हवा. ती धावत गेली, तारेला हात घातला आणि तिचा हात तिथेच थांबला.

तारेला तीन पीळ होते आणि टोक आत दुमडलेलं होतं. कोणाला ओरखडा येऊ नये म्हणून टोक आत दुमडायचं, ही तिची सवय. गावात दुसरं कोणी एवढं करत नाही. बाण कोणी फिरवला नव्हता. सोडलाही नव्हता.

काल तार संपली म्हणून ती घरी गेली होती. घर खाली, दरीत. परत येताना जवळची म्हणून दाल्मात्सोच्या उतारानं वर आली होती. खालून येणाऱ्याला किल्ला उजव्या हाताला पडतो. तिनं उजवा बाण काढला आणि बांधला मात्र धारेवरून येणाऱ्यांच्या तोंडासमोर. त्यांच्या उजव्या हाताला किल्ला नव्हता. हा उतार होता.

तारेसकट बाण ओरबाडून ती गाडीत बसली आणि उतारावर वळली. काच खाली करून कान देत होती. धडकेचा आवाज, किंकाळी, काहीही. फक्त तिच्याच इंजिनाचा आवाज येत होता. आपण साठ माणसं मारली, असं तिला वाटलं. अगदी याच शब्दांत वाटलं.

वळणाच्या अलीकडे सायकलींची गर्दी दिसली. माणसं उभी होती. ओरडत होती. मेलेली माणसं ओरडत नाहीत, म्हणून डेलियाला रडूच आलं.

वळणाच्या बऱ्याच वर, सरळ रस्त्यावर लांबून दिसेल अशा जागी, दाल्मात्सोचा जुना ट्रॅक्टर वाटेत आडवा उभा होता. त्याच्या पलीकडे, वळणातून नुकतीच वर आलेली भरली ट्रॉली थांबली होती. ती चालवणारी दाल्मात्सोची सून चाकांखाली दगड लावत होती. आणि अलीकडे सिल्व्हानोनं सत्तरीच्या दाल्मात्सोची कॉलर धरली होती.

"अकरा वर्षांनी पुन्हा तेच! लाज वाटते का?"

"मी हात लावला नाही," दाल्मात्सो म्हणाला.

"मग ट्रॅक्टर आडवा कसा घातलास? आम्ही येणार हे तुला माहीत होतं म्हणूनच ना?"

"होतं ना. सकाळी सातला बाण पाहिला मी. चुकीचा आहे हे पाहताक्षणी कळलं."

"ऐका! स्वतःच्या तोंडानं सांगतोय! मग सरळ का नाही केलास?"

"शपथ कोणी घातली होती मला?" म्हातारा पहिल्यांदा ओरडला. "तूच! बारमध्ये, अख्ख्या गावासमोर! क्लबच्या बाणाला मरेपर्यंत हात लावणार नाही, पडलेला दिसला तरी उचलणार नाही, असं वदवून घेतलंस. म्हटलं डेलिया तपासायला येईल, तिला सांगू. दोन तास वाट पाहिली. आली नाही. सून तर माल भरून निघाली होती. मग काय करू? ट्रॅक्टर माझा आहे, त्याला हात लावायला तरी बंदी नाही ना?"

"गोष्टी रचतोय," मागून कोणीतरी म्हणालं.

"याला पोलिसांतच द्या."

डेलिया गाडीपाशी उभी होती. हातात बाण. तिच्याकडे अजून कोणी पाहिलं नव्हतं. कोणी मेलं नव्हतं, कोणाला खरचटलंही नव्हतं. दाल्मात्सोची अब्रू तर अकरा वर्षांपूर्वीच गेली होती, आणखी काय जायचं उरलं होतं? आपण गप्प बसलो तर दुपारी सगळे जेवतील, हसतील आणि पुढच्या वर्षी सिल्व्हानो पुन्हा म्हणेल, तुझा बाण कधी चुकलाय? हे सगळं तिच्या मनात आलं. आलं हे खरं आहे, आणि त्याची तिला पुढे फार लाज वाटली.

"सिल्व्हानो, सोड त्यांना," ती म्हणाली. "बाण माझा आहे."

"तुझाच आहे गं. यानं फिरवला."

"फिरवला नाही. मीच असा बांधला."

सिल्व्हानो हसला. "डेलिया, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हातारा आहे म्हणून पाठीशी घालू नकोस."

"पाठीशी कसली घालतेय! खालून आले होते मी काल, खालून!" तिचा आवाज फाटला. "किल्ला माझ्या उजव्या हाताला होता, म्हणून उजवा काढला. हा पीळ बघ. हे टोक बघ. घरात टोमॅटोच्या रोपांना कोण अशी तार बांधतं?"

सिल्व्हानोनं तारेकडे पाहिलं. घरी टोमॅटोला पाणी तोच घालायचा. त्याचा हात कॉलरवरून खाली आला.

दाल्मात्सोनं कॉलर नीट केली. आभार वगैरे काही मानले नाहीत. डेलियाच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"आणि त्या वर्षीचा?" त्यानं हळूच विचारलं. "गोठ्याचा?"

"तो..." डेलिया म्हणाली आणि थांबली.

त्या वर्षी सासूबाई दवाखान्यात होत्या. दवाखाना खाली, दरीत. रात्रभर त्यांच्या उशाशी बसून ती दुपारी निघाली होती आणि परतीच्या वाटेवर शेवटचे चार बाण बांधले होते. खालून वर येताना. अकरा वर्षांत हे तिला एकदाही आठवलं नव्हतं. "कोणीतरी फिरवला" असं सगळ्यांत आधी आपणच बोललो होतो, तेही आता आठवलं.

"तोही माझाच असणार, काका," ती म्हणाली. "तोही खालून येताना बांधला होता." मग वळून, मागच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती तेच पुन्हा बोलली.

दाल्मात्सो ट्रॅक्टरच्या पायरीवर बसला. सून धावत आली, "बाबा, पाणी देऊ का?" त्यानं नको म्हणून हात हलवला.

"तेरेसाला, माझ्या बायकोला, शेवटपर्यंत वाटत होतं मीच केलं," तो म्हणाला. "जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, दाल्मात्सो, मी काही रागावणार नाही, मला तरी खरं सांग. मी म्हटलं, नाही केलं गं. तर तोंड फिरवलं तिनं."

सिल्व्हानोनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि ते हातात धरून तो नुसताच उभा राहिला.