काचेआडचा लोलक

दुपारी खिडकीतून ऊन आलं की प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटातल्या लोलकातून बोटभर रुंदीचा सप्तरंगी पट्टा भिंतीवर पडायचा आणि तास संपेपर्यंत फळ्याच्या चौकटीकडे सरकायचा. लोलकाला मात्र कोणा विद्यार्थ्याचं बोट लागलं नव्हतं. कपाटाला कुलूप होतं, किल्ली भौतिकशास्त्राच्या बाईंच्या पर्समध्ये.

तपासणीला आलेले साहेब खूश व्हायचे. "वा! उपकरणं अगदी नवीकोरी!" मुलं प्रयोग फळ्यावरून उतरवून घेत. "पुढच्या सत्रापासून उघडू," असं बाई मनाशी म्हणत, आणि सत्रामागून सत्रं जात.

प्रात्यक्षिकाच्या सराव परीक्षेला कपाट उघडावंच लागलं. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीसमोर विजेचा घट, कळ आणि तारा होत्या. जोडणीची आकृती तिला डोळे मिटून काढता आली असती. पण हात पुढे होईना.

"अगं, जोड ना!"

"बाई, काही बिघडलं तर?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. परीक्षा संपल्यावर ती हळूच म्हणाली, "बाई, मी पुढे विज्ञान नाही घेणार. मला नुसतं पाठ करता येतं."

शिक्षकांच्या खोलीत बाईंचा चहा तसाच निवला. शेजारी बसलेल्या, वयाने मोठ्या गणिताच्या बाईंनी विचारलं, "काय गं, तोंड का एवढंसं?"

"एवढी हुशार पोर, आणि दीड व्होल्टच्या घटाला घाबरली!"

"घाबरणारच. पोहायला शिकवलंस काठावर बसवून, वर पाण्यालाच कुलूप! ही भीती तिने घरून नाही आणली. इथेच शिकली."

"आणि काही फुटलं की मुख्याध्यापक मलाच धारेवर धरणार."

"धरू देत. काच नवी आणता येते गं. खचलेली हिंमत कुठल्या दुकानात मिळते?"

बाईंनी पर्समधली किल्ली चाचपली. खरंच की! उपकरणं जपता जपता आपण मुलांनाच कोरं ठेवलं!

वाचकहो, अशी कपाटं आपल्याही घरांत असतात. ज्यांच्यासाठी वस्तू आणली, त्यांच्यापासूनच आपण ती जपतो. पण हाताळल्याशिवाय विद्या अंगी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी लोलक काढून त्या मुलीच्या हातावर ठेवला. तिने तो बिचकत उन्हात धरला, जरासा फिरवला. पट्टा भिंतीवरून थेट छतावर!

"बाई, मी हलवला!" ती ओरडलीच.

आवाज ऐकून मुख्याध्यापक दारात आले. "बाई, हे काय? फुटलं म्हणजे?"

बाईंनी किल्ली त्यांच्या हातात दिली.

"फुटलं तर जाब मी देईन, सर. पण या कपाटाला आजपासून कुलूप लागणार नाही."