विनुताचे विश्रांतीचे दिवस

हनुमंतरावांनी आयुष्यात स्वतःहून निवडलं असं फारसं काही नव्हतं. कॉलेज वडिलांनी निवडलं, बायको थोरल्या बहिणीने, भागीरथीअक्काने, आणि स्कूटर सरकारने, म्हणजे जी एकच मिळायची ती, आणि तीही नंबर लागल्यावर. त्यात एक सोय होती. चुकलं तर बोट दाखवायला माणूस असायचा. मग बाजार उघडला, आणि पाच वर्षांत तंजावूरच्या साउथ मेन स्ट्रीटवर साबणांचे इतके प्रकार आले की हनुमंतराव काउंटरपाशी घामाघूम होऊन म्हणत, "तुम्हीच द्या एखादा." साबणाचं तेवढ्यावर निभावलं. मुलीच्या पायांचं निभावण्यासारखं नव्हतं.

मुलगी विनुता, एकुलती एक, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पॉवरलिफ्टिंग करायची. बाकावर पडून छातीवरची दांडी ढकलणं आणि जमिनीवरचं वजन उचलणं, या दोन्हींत जिल्ह्यात तिच्या आसपास कुणी नव्हतं. घोडं अडायचं स्क्वॉटमध्ये. खांद्यावर दांडी घेऊन ती झकास खाली बसायची आणि मग वर यायचं राहूनच जायचं. जानेवारीच्या शेवटी तिरुचीला राज्य स्पर्धा होती. पहिल्या तिघींना रेल्वेच्या खेळाडूंच्या जागांसाठी बोलावणं येणार होतं. पुढच्या वर्षी ती ज्युनिअर वयोगटातून बाहेर. बाकी सगळ्या वस्तू बाजारात येत होत्या, तेव्हा सरकारी नोकरी ही एकच वस्तू बाजारातून उठत चालली होती. हनुमंतरावांना रात्री झोप लागत नसे आणि दिवसा, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवताना, डोळे मिटत.

व्यायामाचे कार्यक्रम तीन होते.

पहिला विनुताचे प्रशिक्षक सुब्रमण्यम यांचा. रोज यायचं, रोज जड वजन घ्यायचं, डोळ्यांपुढे तारे चमकले की थांबायचं. दुसरा न्यू जर्सीच्या भाच्याने, प्रणवेशने, फॅक्सवर पाठवलेला. आठवड्यातून तीनच दिवस व्यायाम, दर वेळी वजनात थोडी वाढ, आणि मधल्या दिवशी संपूर्ण विश्रांती. तिसरा रशियन. जुन्या बस स्टँडपाशी फुटपाथवर मिळाला होता. देश मोडला होता, पण कार्यक्रम शाबूत होता. त्यात सगळे आकडे टक्क्यांत असल्यामुळे हनुमंतरावांचा त्याच्यावर जीव जडला.

"सार, तीन डॉक्टरांची औषधं एकदम घेतली तर पेशंट मरतो," सुब्रमण्यम म्हणाले.

"म्हणून तर एक निवडायचं आहे."

"निवडा की. माझा निवडा."

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, दांडीला आणि वजनाच्या चकत्यांना हळदकुंकू लागलं, आणि दुसऱ्या दिवसापासून अमेरिकन कार्यक्रम सुरू झाला. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्यापासून दांडीवरचं वजन वाढायच्या ऐवजी उतरू लागलं. विनुता खाली जायची, अडकायची, दोन पोरं दोन्ही बाजूंनी दांडी धरायची.

संध्याकाळी ती घरी आली की भागीरथीअक्का, निवृत्त हेडमिस्ट्रेस, दारातच विचारायची, "आज काय झालं गं?"

"कमी झालं, आत्या."

"हं," म्हणून अक्का देवापुढे दिवा लावायला आत जायची. त्या 'हं'कडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

हनुमंतरावांनी रशियन कार्यक्रम लावला. वजन आणखी उतरलं. सुब्रमण्यमना शरण गेले, तर तारे पहिल्याच फेरीत चमकू लागले. मग पुन्हा अमेरिका. त्यांनी अंडी वाढवून बघितली, म्हणजे अंड्यांचं नाव घरात न काढता मुलीला बाहेर खाऊ घातली. बूट बदलले. झोप तपासली. विनुता वेळेवर झोपत होती, पहाटे उठून आत्याबरोबर कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयाराला, म्हणजे गणपतीला, जात होती, येऊन कॉफी पीत होती. यात शंका घेण्यासारखं काय होतं? देवळात जाणं हे दात घासण्यासारखं. ते काही कुणी हिशेबात धरत नाही.

"अहो, पोरगी जिना चढताना कठड्याला धरते," बायको, चंद्रमती, एक दिवस हळूच म्हणाली.

हनुमंतरावांनी तिन्ही कागद पुन्हा पुढ्यात मांडले. नोकरी राहिली बाजूला. आपण निवडलेल्या कागदाने पोरीचे गुडघे गेले, तर बोट कुणाकडे दाखवायचं? न्यू जर्सीकडे?

शेवटी त्यांनी जे केलं ते संख्याशास्त्राच्या कुठल्याही व्याख्यात्याने करू नये असं होतं. देवाचा कौल लावायचं ठरवलं. केळीच्या पानाच्या तीन पुड्या बांधल्या. तांबडं फूल म्हणजे अमेरिका, का ते विचारू नये, पांढरं रशिया, पिवळं सुब्रमण्यम. देवापुढे ठेवायच्या आणि डोळे मिटून एक उचलायची. मनाला त्यांनी बजावलं की हा निव्वळ यादृच्छिक नमुना आहे, देऊळ फक्त कोरडी जागा म्हणून. तंजावूरचा कार्तिकातला पाऊस धो धो लागला होता. अशा पहाटे ओळखीचं कुणी भेटायचं नाही. विनुता आणि अक्का आधीच निघून गेल्या होत्या, पण त्या एव्हाना परतीच्या वाटेवर असतील असा त्यांचा अंदाज होता. छत्री घेऊन, पुड्या शर्टाखाली लपवून ते निघाले.

पिळ्ळैयाराच्या पुढ्यात त्यांची मुलगी उठाबशा काढत होती.

उजव्या हातात डावा कान, डाव्या हातात उजवा, पूर्ण खाली, पूर्ण वर. तोप्पुकरणम. या गावात प्रत्येकजण गणपतीपुढे तीन-चार काढतो आणि चपला शोधायला लागतो. विनुता थांबत नव्हती. पाय थरथरत होते. शेजारी भागीरथीअक्का मांडी घालून बसली होती आणि प्रत्येक उठाबशीला एक चिंचोका या ढिगातून त्या ढिगात सरकवत होती. ढीग भला मोठा होता.

"विनू!"

"मध्ये बोलू नका अप्पा, आत्याची मोजणी चुकेल."

"चुकली," अक्का म्हणाली. "आता दहा मागे जाऊन धरते."

"हे कधीपासून चाललंय, अक्का?"

"आयुधपूजेपासून. पोरीला ते वजन घेऊन उठता येऊ दे म्हणून नवस बोलले मी. रोज एकशे आठ."

"हे एकशे आठ नाहीत."

"आधी होते. मग वजन उतरलं. म्हटलं, देवाला कमी पडलं असेल, वाढवले. परत उतरलं, परत वाढवले. आणि तुझ्या त्या विश्रांतीच्या दिवशी दुप्पट. त्या दिवशी पोर रिकामीच असते ना रे!"

हनुमंतराव ओल्या खांबाला टेकले. घरात अमेरिका आली, गेली, पुन्हा आली, रशिया येऊन गेला. पण एकही दिवस न चुकता, चढत्या क्रमाने, मनापासून पाळला गेलेला कार्यक्रम एकच होता, आणि तो अक्काचा होता. वजन उतरलं की उठाबशा वाढत होत्या, उठाबशा वाढल्या की वजन उतरत होतं. वर्गात सहसंबंध शिकवायला असं उदाहरण सापडत नाही म्हणून ते वर्षानुवर्षं कुरकुरत आले होते.

"अगं अक्का, पाय दमले तिचे! हाही व्यायामच झाला!"

"व्यायाम?" अक्काने चिंचोका हवेतच धरला. "देवापुढचं तोप्पुकरणम व्यायाम? उद्या म्हणशील एकादशी म्हणजे डाएटिंग."

विनुता कान सोडून खाली बसली. "अप्पा, मला वाटलं माझंच मन देवापाशी लागत नाही. म्हणून उठता येत नाही." तिचा आवाज अगदी लहानपणीचा झाला होता. "आणि पाय... दांडीखाली गेले की पोकळ वाटतात अप्पा. सांगितलं असतं तर तुम्ही चौथा कार्यक्रम आणला असता."

हनुमंतरावांच्या शर्टाखालून एक पुडी घसरून पायाशी पडली आणि तिच्यातून पांढरं फूल बाहेर आलं.

"हे काय?" अक्काने विचारलं.

"फूल."

"दिसतंय. चोरून आणलंस का देवाला?"

नवस मोडता येणार नव्हता, हे घरी कॉफी पिताना स्पष्ट झालं. स्पर्धेपर्यंत म्हणून बोललं गेलं होतं, आणि देवाला बोललेलं मागे घ्यायची पद्धत अक्काच्या माहितीत नव्हती. मात्र घरातल्या दुसऱ्या कुणी पोरीच्या नावाने केलं तर पोचतं.

"मला मधुमेह," चंद्रमती म्हणाली.

"मी मोजते," अक्का म्हणाली.

मग दोघींनी हनुमंतरावांकडे बघितलं. त्यांनी उगाचच मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"आणि कार्यक्रम?" त्यांनी विचारलं. "तो कुठला धरायचा?"

"अमेरिकेचाच," विनुता म्हणाली. "त्यात सुट्ट्या आहेत." इतक्या दिवसांत तिला हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता, आणि उत्तर यायला कॉफीचा एक घोटही लागला नाही.

दुसऱ्या पहाटेपासून संख्याशास्त्राचे व्याख्याते गणपतीपुढे कान धरू लागले. सुब्रमण्यम एकदा बघून गेले. "सार, खाली पूर्ण जा. अर्धं देव धरत नाही, पंचही धरत नाहीत." विनुताच्या दांडीवरचं वजन आधी दहा-बारा दिवस जागचं हललं नाही, तेवढ्यात हनुमंतरावांनी रशियन कागद दोनदा बाहेर काढून परत ठेवला. मग ते हळूहळू चढू लागलं. त्यांची काळजी मात्र उतरली नाही. ती फक्त वरून खाली, त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांत आली.

तिरुचीच्या सभागृहात तिसऱ्या रांगेत ते अक्का आणि चंद्रमतीच्या मध्ये बसले. स्क्वॉटची विनुताची पहिली उचल बाद झाली, पुरती खाली गेली नाही म्हणून. दुसरी मंजूर झाली, पण बाकीच्या दोन प्रकारांतले तिचे नेहमीचे आकडे मिळवूनही हनुमंतरावांच्या हिशेबात ती चौथीच येत होती. तिसऱ्या वेळी आजवर कधीच न उठलेलं वजन तिने मागितलं. हनुमंतरावांना ओरडावंसं वाटलं की कमी कर.

ती दांडीखाली गेली, मागे सरकली, खाली बसली. आणि थांबली.

नेहमीच्याच जागी. हनुमंतरावांनी नकळत दोन्ही कान धरले. दांडी थरथरली, एक बाजू कलली, सावरली. मग विनुताचा चेहरा लालबुंद होत होत इंचाइंचाने वर आला, आणि तिच्याखाली पाय होते, भरीव, सरळ.

तिन्ही पंचांचे मंजुरीचे पांढरे दिवे लागले. अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. सुब्रमण्यम कुणालातरी मिठी मारत होते. चंद्रमती रडत टाळ्या वाजवत होती. समोर नुसत्या पाठी दिसत होत्या.

"ऊठ की रे हनुमंता! तुझ्या हिशेबात तिसरी आली पोर!"

"उठता येत नाहीये अक्का," हनुमंतराव म्हणाले. ते हसत होते आणि खुर्चीचे दोन्ही हात धरून प्रयत्न करत होते. "गुडघे धरलेत."

अक्काने त्यांच्याकडे बघितलं, मग छताकडे. तिचे ओठ हलू लागले. आता पुढे रेल्वेची चाचणी होती. ते ओठ हनुमंतरावांना चांगले माहीत झाले होते.

"अक्का," त्यांनी तिचा पदर पकडला, "काय बोललीस? किती बोललीस?"