पहिलीच्या पाठची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. सेलूच्या कल्याणरावांच्या कपाटात राहते. ग्रॅनाइट नावाचा एक परदेशी रॉक बँड होता, त्याचा मी दुसरा अल्बम. पहिला अल्बम म्हणजे माझी ताई. ती माझ्या शेजारीच असते आणि तिचं कुणी नाव काढलं, की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

ताई एका कोंदट खोलीत घाईघाईनं रेकॉर्ड झालेली. माझ्यासाठी मात्र मोठा स्टुडिओ घेतला होता, व्हायोलिनवाले बोलावले होते, एकेक गाणं मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं होतं. अशी नटूनथटून मी सेलूला आले. कल्याणराव, मुंजाजी आणि सूर्यभान हे तिघे मित्र तेव्हा कॉलेजात होते. त्यांनी अर्धं गाणं ऐकलं.

"ह्ये काय, वरातीचा बँड हाय का?" मुंजाजी म्हणाला.

झालं! मला काढलं आणि ताईला लावलं.

पुढं कल्याणरावांनी सरकीचं दुकान टाकलं, तिथंही ताईच वाजायची. आतली टेपची पट्टी अडकली की पेन्सिल घालून तिला हळूच फिरवायचे, वर फुंकर मारायचे. माझ्या वाट्याला नुसतं कपाट. माझं कव्हर अजून करकरीत आहे. पाहुणे म्हणतात, किती जपून ठेवलीय! जपलीय कसली, कुणी हातच लावला नाही.

हल्ली जगभरचे चाहते जुने अल्बम पुन्हा ऐकून नव्यानं पारखायला लागलेत. मोबाइलवर हे वाचलं आणि आता केस पिकलेल्या या तिघांनी रविवारी बैठक घातली. अर्थातच पहिला मान ताईला. पण ताई वाजली ती घशात बोळा कोंबल्यासारखी. कॅसेटच्या पोटात स्पंजची एक बारीक गादी असते, ती पट्टीला टेपरेकॉर्डरच्या हेडवर नीट टेकवून धरते, तेव्हाच आवाज मोकळा येतो. ताईची गादीच गळून पडली होती. खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण कल्याणरावांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मला उचललं. "हिची गादी काढून तिला लावू. हिला कोण आयकायलंय?"

माझी घाबरगुंडी उडाली. तिच्यासाठी आता माझं पोट फाडणार!

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या उमादेवी, कल्याणरावांच्या पत्नी, म्हणाल्या, "आवो, उघडायच्या आधी एकदा आयका तरी. मी लग्न होऊन आले तवापास्नं बिचारी तशीच पडलीय."

मला लावलं. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. चहा तसाच निवला. व्हायोलिनच्या मागून गिटार वर आली तेव्हा सूर्यभाननं डोळे मिटले.

"काय वाजवायलाय रे ह्यो! आमी तवा उगंच नावं ठेवली."

मुंजाजी कान पकडून म्हणाला, "लय मोठं काम हाय हे."

स्क्रू ड्रायव्हर खणात गेला. माझी गादी माझ्याकडेच राहिली. ताई मुकी होऊन कपाटात बसली आणि दर रविवारी मी वाजू लागले. मला वाटलं, जिंकले.

पण कसलं काय! मी वाजत असते आणि हे तिघे ताईबद्दल बोलत असतात. "ही चांगलीच हाय, पण पयल्या अल्बमातला ढोल आठवतो का?" आणि तिघेही माना डोलावतात. दर रविवारी ताईचा ढोल थोडा थोडा मोठा होत चाललाय. मित्रांनो, झिजून झिजून तिची पट्टी पार विरळ झालीय. आता गादी बसवली तरी तिचा ढोल पत्र्यावर बोट आपटल्यासारखाच वाजेल, हे मला शेजारी राहून ठाऊक आहे. यांना कोण सांगणार?

म्हणून हात जोडून विनंती करते. तुमच्या घरी माळ्यावर एखादी मोडकी कॅसेट पडली असेल, तर फेकू नका. तिच्यातली गादी सेलूला कल्याणरावांकडे पोचवा. जुन्या वस्तूंची काळजी घ्यावी, त्या दुरुस्त कराव्यात. माझ्या ताईला बरं करा, मित्रांनो. तिला एकदा माझ्यानंतर लगेच वाजू द्या.